पिकअपची थरथर आणि मिस्त्रीची जीभ

आपल्या ई-मेल गटातल्या सगळ्यांनी हे वाचा. माझा राग अजून उतरलेला नाही.

दसऱ्यापासून आमच्या नर्सरीची पिकअप वेग वाढला की मागून घरघर आवाज करत थरथरायची. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या मिस्त्रीने गाडीखाली न बघताच निकाल दिला, "वहिनी, मागच्या एक्सलचे गिअर गेलेत. तुमच्या याकूब ड्रायव्हरनं बिनऑइलची पळवलीया." हेच तो चहाच्या गाड्यावरही सांगत सुटला. माझे दीर याकूबचाचांना कामावरून काढायला निघाले.

आज सकाळी मी चाचांच्या शेजारी बसले आणि गाडी पळवायला लावली. गिअर गेले असते तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर आवाज बदलला असता. तो बदलला नाही.

मग पदर खोचून गाडीखाली शिरले. एक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्यावर चिखलाने जड झालेला काथ्या एका बाजूला गुंडाळला होता, त्यात वाळका झेंडू. खंडेनवमीला मिस्त्रीनेच हौसेने तिथे हार बांधला होता! काथ्या कापला, थरथर गेली.

गाडी थेट त्याच्या गॅरेजवर नेली. गिऱ्हाइकांसमोर त्याला चाचांची माफी मागायला लावली.

नंतर मला बाजूला घेऊन म्हणतो, "वहिनी, कुणाला सांगू नगा. धंदा बसंल माझा."

चाचांच्या पोटावर पाय देताना त्याला हे सुचलं नव्हतं!

सातारा ते सांगली तुमच्या ओळखीचे पिकअपवाले असतीलच. त्यांना हे आजच्या आज कोण कोण सांगणार?