गयामावशीचा काढा

खोकल्याचं औषध मागायला गेलेल्या माणसाला गयामावशी आधी खोकायला लावायची. "बोलू नगं. खोक पयलं," म्हणायची आणि डोळे मिटून ऐकायची. मग अडुळशाची पानं वाफवून पिळायची आणि त्या रसात मध आणि पिंपळीची पूड कालवायची. घसा नुसता खवखवत असला तर ज्येष्ठमधाची काडी चघळायला द्यायची. "ही जिभंखाली धर आन दोन दिस तोंड बंद ठिव. तुझ्या नवऱ्यालाबी आराम पडंल," असं बायकांना सांगायची आणि स्वतः मात्र हसायची नाही.

शिरूर कासारच्या बाजूचं आमचं कोरडवाहू गाव. मी तिथली आशा कार्यकर्ती. सरकारी गोळ्या माझ्याच पिशवीत असायच्या, तरी माझ्या लेकराची छाती भरली की मी तिच्या ओट्यावर जायचे. तिच्या हाताला गुण होता, हे खोटं नाही. साध्या खोकल्याला तिचा काढा लागू पडायचा. पण दम लागणारा म्हातारा असो की तंबाखूनं पोखरलेला गडी, ती प्रत्येकाला तोच काढा द्यायची.

तिची सून मंगल उसाच्या तोडीवरून परत आली ती खोकतच. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, तरी खोकला हटला नाही. गळ्याची हाडं दिसायला लागली. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकी तपासायची, हे मला शिकवलेलं होतं. मी डबी घेऊन गेले. गयामावशी चुलीपुढून उठली नाही.

"माझ्या घरात रोग हुडकायली का?" ती म्हणाली.

"मावशी, नुसती तपासणी हाय."

"साऱ्या गावाचा खोकला मी बरा केला, आन माझी सून दवाखान्यात घालू? लोक काय म्हणतील? तुला माझा काढा चालतो, मंग हिला कावून न्हाई?"

मंगल दारामागं उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, डबीकडं पाहिलं आणि आत गेली. डबी पिशवीत टाकून मी घरी आले आणि राग धरून पुन्हा त्या दारात गेले नाही.

दिवाळीनंतर मंगल नवऱ्याबरोबर परत तोडीला गेली. तोडीला जोडी लागते. एकट्या गड्याला कुणी नेत नाही. सासूनं काढ्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून बरोबर दिल्या. महिनाभरात मोळी उचलताना तिच्या तोंडातून रक्त आलं. नवऱ्यानं तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात आणलं. क्षयानं दोन्ही फुप्फुसं खाल्ली होती. मी भेटायला गेले तेव्हा नळी लावलेली होती आणि गयामावशी पायथ्याशी फरशीवर बसलेली.

डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय दिलं?"

"अडुळसा," ती म्हणाली. "मध घालून."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर तेवढंच लिहून घेतलं. नवव्या दिवशी मंगल गेली. मागं चार वर्षांची मुलगी.

घरी आल्यावर गयामावशीनं परसातला अडुळसा मुळासकट उपटला. कुणी औषधाला आलं की दार लावून घ्यायची. दिवस घातल्यावर ती नातीला घेऊन माझ्याकडं आली. "हिला तपास. मलाबी तपास," म्हणाली. दोघींना रोग नव्हता. पोरीला खबरदारीची औषधं सुरू झाली. एक दिवसही चुकू नये म्हणून गयामावशी रोज सकाळी माझ्यासमोर तिला गोळी द्यायची.

गयामावशी गेल्या उन्हाळ्यात वारली. त्याआधीच्या दिवाळीनंतरचा एक दिवस मला विसरता येत नाही. तोडीचा ट्रक मारुतीच्या पारापाशी भरत होता. ती काठी टेकत आली आणि चढणाऱ्या एकेकाला विचारू लागली, "खोकला हाय का? किती दिस झाले?" लोक टाळून पुढं जात होते. ट्रकला उशीर व्हायला लागला तसा मुकादम वैतागला.

"म्हातारे, सोताच्या सुनंला खाल्लंस, आता आमची माणसं अडवती का?"

मी तिचा दंड धरला. तिनं माझा हात सोडवला.

"व्हय," ती म्हणाली. "मीच मारली. तपासू दिलं न्हाई, सा महिने काढा पाजला. ती रोज म्हणायची, आत्याबाई, उतार न्हाई. मी म्हणायचे, पी गुमान. म्हणून तर सांगायलेय."

मुकादमानं मान फिरवली आणि ड्रायव्हरला गाडी सुरू करायला सांगितलं. मागचं फळकूट लावण्याआधी एक बाई पदर तोंडाला लावून खाली उतरली. तिच्यामागं तिचा नवरा, शिव्या देत, बोचकं घेऊन.