दुसऱ्या पाळण्यावरचा वारा

चिचगडच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका लहानशा दवाखान्यात मी काही वर्षं सिस्टर होते. कमी वजनाच्या बाळांसाठी तिथे एक वेगळी खोली होती. तिला सगळे 'गरम खोली' म्हणायचे. भिंतीवर हीटर, चार पाळणे आणि कोंदट हवा बाहेर टाकायला छताजवळ एक एक्झॉस्ट फॅन.

एका जानेवारीत दुसऱ्या पाळण्यात एक मुलगी होती. वजन दोन किलोच्या आत, आईचं पहिलंच बाळंतपण. आई विशीची असेल. दोन दिवस बाळ छान दूध प्यायलं. तिसऱ्या दिवसापासून त्याचं अंग मधूनच गार पडू लागलं. हीटर तर व्यवस्थित चालू होता. आम्ही त्याला आईच्या छातीशी बांधलं की ऊब यायची, पाळण्यात ठेवलं की काही तासांनी पुन्हा तेच.

"बाई, इथं वरतून थंडी हवा येऊन रायली," आई म्हणाली.

"तो पंखा हवा बाहेर फेकतो, आत नाही आणत," मी म्हटलं. जरा तोडूनच बोलले. सकाळपासून उभी होते.

पाचव्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी बाळाला तपासलं. "इन्फेक्शन असू शकतं. वाट नको बघायला. आजच गोंदियाला पाठवू, गाडी बोलवा."

आईचा चेहरा उतरला. "काऊन जी? काय झालं माह्या पोरीले?"

मी चिठ्ठी लिहायला बसले. तक्त्यावरचे तापमानाचे आकडे उतरवताना हात थांबला. बाळ गार पडायचं ते रोज सकाळी आठनंतर आणि दुपारी तीननंतर. एरवी सगळं ठीक. या दोन वेळांना आमच्या मावशी खोली पुसायच्या, आणि फिनाईलचा वास जावा म्हणून तासभर पंखा लावायच्या. तो वासही हल्ली लवकर जात नव्हता. बाटली नवीन आहे म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी गॉजची एक लांब पट्टी काठीला बांधली, स्टुलावर चढले आणि चालू पंख्यासमोर धरली. ती पंख्याकडे ओढली जायला हवी होती. ती फडफडत माझ्या तोंडावर आली. बाहेरची गार हवा सरळ दुसऱ्या पाळण्यावर उतरत होती.

आठवड्यापूर्वीच पंख्याची मोटर जळाली होती आणि वायंडिंग करून तीनच दिवसांपूर्वी परत बसवली होती. पंखा फिरतोय एवढंच आम्ही पाहिलं होतं. कुठल्या बाजूला, ते कोणीच पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी स्वतः स्टुलावर चढून पट्टी धरून पाहिली. "पंखा बंद करा. गाडी उभी राहू द्या. तासभर बघू."

आधी बाळाला आईच्या छातीशी ठेवून ऊब आणली, मग त्याच पाळण्यात परत निजवलं. दर पंधरा मिनिटांनी मी काखेत थर्मामीटर लावत राहिले. आकडा उतरला नाही. तासाभराने बाळ जोरात रडलं आणि दुधासाठी तोंड फिरवू लागलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "गाडी परत पाठवा." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. एकटीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. "मॅडम, दो तार उलटे लग गए थे बस," म्हणत त्याने पाच मिनिटांत काम केलं. या वेळी पट्टी पंख्याच्या जाळीला जाऊन चिकटली. मी आईजवळ जाऊन बसले.

"तुमचं बरोबर होतं. मी ऐकलं नाही."

"मी तं सांगूनच रायली होती, बाई," ती म्हणाली आणि बाळाचं टोपडं नीट करत हसली. रागाचा लवलेश नव्हता.

पुढे जितके दिवस ती राहिली, तितके दिवस सकाळी खोलीत शिरल्यावर मी आधी तिलाच विचारायचे, "कसं आहे आज?" आणि ती सांगेल ते पूर्ण ऐकून मग तक्ता उघडायचे.