दुरुस्त केलेले गाणे

आमच्या गावाहून, मार्गासनीहून, मी पुण्याला निघालो तेव्हा काखेत गोधडीत गुंडाळलेला कीबोर्ड होता, भोरच्या एका बँडवाल्याकडून घेतलेला. वडील भजनात पेटी वाजवीत. कंडक्टर कीबोर्ड टपावर टाकू लागला, तेव्हा त्यांनीच त्याला अडवले आणि तो माझ्या मांडीवर ठेवला. संमती म्हणून एवढेच. मग ते कंडक्टरला म्हणाले, मला नव्हे, "देवाम्होरं वाजवायचं सोडून लोकाच्या वरातीत वाजवाया चाललाय." एस.टी. सुटली.

पुण्यात ऑर्केस्ट्रात लागलो. काम एकच होते : मूळ गाण्यात जे आहे ते हुबेहूब वाजवणे. बासरी, सतार, व्हायोलिन, सारे माझ्याच बोटांवर. टाळ्या मूळ गाण्याला पडत. याविषयी तक्रार नाही. त्यावर घर चालले, मुलगी शिकली.

ऑर्केस्ट्रा बंद पडल्यावर धनकवडीच्या खोलीत मी स्वतःची गाणी करू लागलो. एका टेपवर कीबोर्ड भरायचा, तो लावून त्यावर गायचे आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर घ्यायचे. प्रत्येक फेरीत खरखर वाढते. वाढू देतो. मुलगी बंगळुरूहून ही गाणी इंटरनेटवर चढवते. तिकडची मुले या प्रकाराला लो-फाय सायकेडेलिक पॉप म्हणतात. नाव त्यांचे आहे. मी हरकत घेतलेली नाही.

या गाण्यांत सूर मध्येच खचतो, लांबतो, मग सावरतो. तो दोष नव्हे. आमच्या घरी टेप सेलवर चाले. सेल उतरले की गाणे जड होई, गाणारणीचा गाणारा होई. आई ते तसेच ऐकत भाकऱ्या थापी. दुसऱ्या दिवशी सेल पत्र्यावर मिरच्यांशेजारी उन्हात पडत. "संपलं न्हाई, दमलंय," असे ती म्हणे. संगीत मी प्रथम ऐकले ते असे, दमलेले. कीबोर्डच्या कडेचे, सूर खालीवर करणारे चाक नेमके किती ओढले म्हणजे तो सूर लागतो, हे समजण्यात माझे कित्येक महिने गेले.

यंदा पुण्यात राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाने गावच्या जत्रेसाठी माझे एक गाणे मागितले. मी दिले. कुस्त्या सुरू होण्यापूर्वी ते लागले, तेव्हा मी फडाच्या कडेला उभा होतो. खरखर नाहीशी झाली होती. खचणारा सूर दोरीसारखा ताणून सरळ केला होता. खाली ढोल घातला होता आणि मध्ये कोणीतरी गावाचे नाव घेऊन ओरडत होते. माझा आवाज माझ्या धाकट्या भावाचा वाटावा इतका गुळगुळीत झाला होता. मला भाऊ नाही.

मंडळाचा पांडुरंग, आमच्याच आळीतला, माझ्यामागून पुण्यात आलेला, हसत जवळ आला. "नाना, तुमची कॅसेट खराब झालेली. स्टुडिओत नीट करून घेतली. आता कसं दणक्यात वाजतंय!"

मी माइकवाल्याला गाणे बंद करायला लावले.

"अहो, लोकांना आवडतंय," पांडुरंग म्हणाला.

"ते गाणे माझे नाही. माझे नाव काढा."

"राग मानू नका. आपल्याच माणसांनी केलंय."

हेच मला सहन झाले नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांची गाणी वाजवली आणि त्यांतला एक सूर इकडचा तिकडे केला नाही. नावडत्या गाण्यांतही नाही. माझ्या एका गाण्याला तेवढी इज्जत आपल्याच माणसांनी देऊ नये? परक्याने हे केले असते तर त्याला मी अडाणी म्हणून सोडून दिले असते.

माझा चुलतभाऊ दत्तू गावातच राहिला, शेती करतो. त्याने माझा मोबाईल मागून घेतला आणि माइकवाल्याला दिला. "लाव दादाचं. जसं हाय तसं."

गाणे लागले. पहिल्याच खचलेल्या सुराला फडातून कोणी ओरडले, "आरं, पैलवान झोपत्याल की!" हशा उठला. दत्तूने मान हलवली. "लई रडकं हाय, दादा. ह्याच्यापायी येवढा भांडलास व्हय?"

"होय."

"मंग ऐकू दे गुमान," असे तो लोकांवर खेकसला.

पुण्याच्या मंडळींना माझे सांगणे एवढेच : ते ढोलाचे गाणे मोबाईलमधून काढून टाका. पुन्हा कोणाचे काही नीट करावेसे वाटले, तर आधी त्याला विचारा.

घर कोणते, असे मुलगी विचारते. धनकवडीची खोली माझ्या नावावर आहे. मार्गासनीत माझे गाणे कोणालाही आवडले नाही, दत्तूलाही नाही. पण दोन पैलवान अंगाला माती लावून उभे होते, पंच शिट्टी हातात धरून होता, आणि गाणे संपेपर्यंत कुस्ती लागली नाही.