सावलीकाठच्या काकू

अ‍ॅरिझोनातल्या चँडलरमध्ये आमच्या शेजारी एक जपानी काकू राहतात. त्यांचं गाव डोंगरांमधल्या चिंचोळ्या खोऱ्यात, मधून नदी. एका काठावर दिवसभर ऊन, दुसऱ्यावर डोंगराची सावली. तिथला बर्फ वसंत आला तरी हलत नाही. काकू सावलीकाठच्या. त्यांच्या मते पलीकडचे, म्हणजे ऊनकाठचे लोक बडबडे आणि आळशी, त्यांची फळंसुद्धा नुसती गोड. तिथल्याच एका माणसाशी त्यांनी लग्न केलं आणि जन्मभर त्याला हे ऐकवलं. पुणे-नागपूर आठवून मला हसू आवरायचं नाही.

गेल्या वर्षी काका गेले. पहिल्या पुण्यतिथीला फोटोपुढे गावासारखी सुकवलेली पर्सिमन ठेवायचीच, असं काकूंनी मनाशी धरलं होतं. टोमॅटोएवढी ही केशरी फळं सोलायची, दोऱ्याला बांधून वळचणीला टांगायची. गावात पहाटे नदीवरून धुकं येतं, दुपारी डोंगरावरून वारा उतरतो, आणि फळ आतून मऊ राहतं. पण सावलीकाठच्या माणसाला उन्हाचं भारी अप्रूप. काकूंनी फळं अ‍ॅरिझोनाच्या भर उन्हात टांगली आणि त्यांची सुपारी झाली. सीझन संपत आला होता. दुकानात एकच पेटी उरली होती, ती त्यांनी आणली.

त्यांचा उतरलेला चेहरा माझ्या आईने कुंपणावरून पाहिला. आई नागपूरहून आलेली. खिडक्यांना ओल्या खसाच्या ताट्या लावून उन्हाळे काढलेली.

"उन्हात काऊन टांगून राहिली ही बाई? मागच्या भिंतीला सावलीत टांग म्हणा. अन् सकाळी समोर ओलं पातळ लाव म्हणा."

"आई, त्यांची मेथड वेगळी आहे. उगाच इंटरफियर करू नको ना."

आई ऐकते थोडीच! दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं, पण रोज सकाळी आईचं सुती पातळ भिजवून दोघी दोन टोकांनी पिळायच्या. हळूहळू फळांवर पिठीसाखरेसारखा पांढरा थर आला. मला तर परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

पुण्यतिथीच्या सकाळी काकूंनी एक फळ चाखलं. उरलेला तुकडा हातात धरून फोटोकडे बघत राहिल्या.

"बिघडलं का गं?" आईने मला विचारलं.

"पलीकडच्या काठाचं झालंय," काकू मला इंग्रजीत म्हणाल्या. "नुसतं गोड."

मग त्यांनी डोळे पुसले, सगळी फळं फोटोपुढे मांडली, आणि त्यातलंच आणखी एक उचलून खाल्लं.