माझ्या उंचीचं गेमचं कपाट

लहानपणी दौंडच्या बाजाराला गेलो की माझा थोरला भाऊ स्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात घुसायचा. "पिशवी धर आन् थांब हितं. पोरींचं काम न्हाई," असं मला बजावून! भाजीची जड पिशवी घेऊन मी दारात तासभर उभी. पडद्याच्या फटीतून दिसेल तेवढं बघायचं. उभं कपाट, त्यात टीव्ही, खाली दांडा आणि लाल बटणं, आणि भावाचं विमान पुन्हा पुन्हा फुटताना. मी त्याच्यापेक्षा बरी खेळले असते, याची मला पक्की खात्री होती. लग्न होऊन कवठे येमाईला आले तरी ती गेली नाही.

यंदा ठरवलं, तसलं कपाट घरीच करायचं. जुने गेम चालवणारा छोटा कॉम्प्युटर, दांडा, बटणं पार्सलनं मागवली. व्हिडिओ बघून वायरी मीच जोडल्या. घरात येणारा जो तो विचारायचा, "पोरासाठी का?" अहो, पोरगं हॉस्टेलला! माझ्यासाठी म्हटलं की हसून विषय बदलायचे.

प्लायचं काम शिरूरच्या मिस्त्रीला दिलं. दारात आल्या आल्या त्याचा पहिला प्रश्न, "वहिनी, मालक हायेत का घरी?"

"काम माझं हाय. काय इचारायचं ते मला इचारा."

मान हलवली त्यानं. आणि मी कांद्याला पाणी धरायला वावरात गेले, तेवढ्यात या शहाण्यानं माझ्या नवऱ्याला भिंतीला टेकवून उभं केलं, टेप लावली आणि माप घेऊन निघून गेला!

टेम्पोतून कपाट आलं, तर बटणं माझ्या छातीशी. नवरा म्हणतो, "पाट घे की पायाखाली. हाय काय त्यात!"

हाय काय त्यात? डोकंच फिरलं माझं. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा गवंड्यानं सासऱ्यांना विचारून बांधला. तेव्हापासून पायाखाली वीट घेऊन मी भाकरी थापतेय. थापणार कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मला एका शब्दानं कुणी विचारलं नाही. आणि आता जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी एक वस्तू केली, तिच्यापुढंही मी पाटावर चढून उभी राहू?

मिस्त्रीला परत बोलावलं. "खालून कापा."

"पर वहिनी, मालकांना वाकावं लागंल."

"वाकू द्या!"

भाऊबीजेला भाऊ आला. ओवाळून ताट आत ठेवून येते, तर स्वारी कपाटापुढं, दांडा धरून. थोडा वेळ खेळला आणि पाठ चोळत म्हणाला, "कंबर मोडली की गं! कुणाच्या मापानं केलंय हे?"

"माझ्या," म्हटलं. त्याचा हात दांड्यावरून काढला, त्याच्यासाठी बांधून ठेवलेली फराळाची पिशवी त्या हातात दिली.

"पिशवी धर आन् थांब तिथं."

तो हसायला गेला, मग त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. पिशवी धरून तसाच उभा राहिला. मी तासभर खेळले.