उंबऱ्यापर्यंत अकरा पावलं

रेवतीचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत दळणाच्या रांगेत उभा होतो. घरघराटात तिचं बोलणं कळेना, म्हणून तिला ते वाक्य दोनदा सांगावं लागलं. इंदूताई गेल्या. पहाटे, झोपेतच. मी "बरं" म्हणालो. अशा बातमीला कुणी "बरं" म्हणत नाही, पण तोंडातून तेच निघालं. मग माझा नंबर लागला, दळण घेतलं, डबा घरी ठेवला आणि अमरावतीची एसटी पकडली. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा सवयीने चहाही प्यायलो. डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. या गोष्टीला आता दीड महिना होतो आहे...

इंदुमती देशमुख हे नाव अमरावतीबाहेर फारसं कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागायतदाराची ही मुलगी. शिकायला अमरावतीत राहिली आणि शाळेत आलेल्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडून कथक शिकली. देशमुखांच्या मुलीने पायांत घुंगरू बांधायचे हे त्या काळी जरा जडच होतं. पण शाळेत शिकवतात म्हणजे कवायतीचाच काही प्रकार असेल अशी वडिलांची समजूत होती, आणि ती समजूत दूर करायची घाई कुणी केली नाही. गुरुजी मध्य हिंदुस्थानातल्या एका छोट्या संस्थानात दरबारी नर्तक होते. संस्थान विलीन झालं, दरबार उठला आणि गुरुजी पोटासाठी अमरावतीला आले. त्यांच्याकडून ताईंना सात वर्षांत जे मिळालं, ते त्यांनी पुढे आयुष्यभर मुलींना दिलं. रेवती त्यांतलीच एक. आता वर्ग तीच चालवते.

त्या वर्गाची एक रीत होती. तास संपला की प्रत्येक मुलगी ताईंसमोर येऊन सलामी करी आणि पाठ न फिरवता, उलट्या पावलांनी दारापर्यंत जाई. मोजून अकरा पावलं. अकराव्याला टाच उंबऱ्याला लागली पाहिजे. ताई भावाच्या बागेतून आलेल्या संत्र्याच्या पालथ्या पेटीवर बसून असत आणि हातातल्या काठीने ती पावलं मोजत. राजाला पाठ दाखवायची नाही, हा गुरुजींच्या दरबाराचा कायदा. गादीपासून दारापर्यंत अकरा पावलं होती, म्हणून ताईंनीही आपली पेटी दारापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर मांडली होती. मी एकदा म्हटलं, ताई, अकरा पावलांत संपतो असा कसला दरबार? त्या शांतपणे म्हणाल्या, "संस्थानच लहान होतं, सर."

आमची ओळख भांडणातूनच झाली. मी अकोल्याच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो. तिथे ताईंचं सप्रयोग व्याख्यान ठेवलं होतं आणि आभार मानायचं काम माझ्याकडे आलं होतं. आभार मानता मानता मी बोलून गेलो की, उलट्या पावलांची गोष्ट सुंदर आहे, पण तिला लेखी आधार नाही. असं बोलायची मला तेव्हा खोडच होती, अजूनही आहे. ताई रागावल्या नाहीत. आठ दिवसांनी त्यांचं पत्र आलं, की आपण दोघं मिळून पुस्तक करू. मला नाच येतो, तुम्हाला तारखा येतात.

पुस्तकाचं काम सहा वर्षं चाललं. नृत्य दरबारातून पडद्यावर कसं आलं हा विषय. दर दुसऱ्या शनिवारी मी अमरावतीला जाई. लखनौचा नवाब स्वतः नाचत असे हे त्यांना ठाऊक होतं, पण तिकडे फ्रान्सचा राजाही नाचत असे आणि बॅले त्याच्या दरबारात वाढला, हे मी सांगितलं तेव्हा त्या पेटीवरून उठूनच उभ्या राहिल्या. त्या राजाचं वय आणि अंग वाढलं तसा तो नाचायचा थांबला, मग सरदारही थांबले आणि नाच पगारी लोकांकडे गेला, हे ऐकून त्या पोटभर हसल्या. रेवतीने त्यांना मोबाइलवर बॅलेचा एक वर्ग दाखवला. शेवटी सगळ्या मुली गुडघे वाकवून शिक्षिकेला नमस्कार करतात, तिथे त्यांनी तो थांबवायला लावला. त्या म्हणाल्या, हेसुद्धा दरबाराचंच, राजा गेला तरी नमस्कार राहून गेला. हे वाक्य मी पुस्तकात जसंच्या तसं घेतलं आहे. दरबार बुडाले तेव्हा तिथले नाचणारे सिनेमाकडे वळले आणि राजा बसायचा त्या जागी कॅमेरा आला, हे मात्र माझं वाक्य. ते त्यांना आवडलं होतं, कारण कॅमेऱ्यासमोर त्या स्वतः उभ्या राहून आल्या होत्या.

विशीत त्या मुंबईला मावशीकडे राहून सिनेमांत समूहनृत्य करत. एका चित्रपटात दरबाराचं दृश्य होतं आणि बारा मुली होत्या. सलामी करून सगळ्यांनी वळायचं आणि दोन बाजूंनी निघून जायचं, असं नृत्यदिग्दर्शकाने बसवलं होतं. अकरा जणी वळल्या. ताई मात्र समोर तोंड ठेवून उलट्या पावलांनी निघाल्या आणि मागच्या दिव्याच्या स्टँडवर आदळल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांना बोलावणं बंद झालं. एक चुकार मुलगी, एवढीच त्यांची तिथे ओळख झाली. मला हे सांगताना म्हणाल्या, "गादीवर जो बसला होता तो दादरचा एक्स्ट्रा होता, तीन दिवस एकच शेरवानी घालून. मले माहीत होतं न. तरी माही पाठ नाही फिरली, सर."

तो चित्रपट त्यांनी कधी पाहिला नाही. अमरावतीत तो लागलाच नाही, आणि ते दृश्य कापलंच असणार असं त्या धरून चालल्या होत्या. मी शोधतो म्हणालो. दोन दुपारी शोधला, सापडला नाही, सोडून दिला.

पुस्तक पूर्ण झालं आणि एका पानावर अडलं. गुरुजींचा कायदा, अकरा पावलं, हे सगळं ताईंनी दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं. मी त्यावर लाल पेनाने काट मारली. संस्थानाच्या कागदांत असं काही नाही, दुसरा साक्षीदार नाही, एका माणसाच्या सांगण्यावर इतिहास उभा राहत नाही. मध्यम मार्ग म्हणून मी ते आठवण म्हणून परिशिष्टात घालायला तयार होतो. ताई त्याला तयार नव्हत्या. ते पान जागेवर राहील तरच पुस्तक छापायचं, असं त्यांनी सांगितलं. दोन वर्षं हस्तलिखित माझ्या कपाटात पडून राहिलं. माझं जाणं कमी झालं नाही, पण पुस्तकाचा विषय आम्ही दोघंही टाळू लागलो.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. त्या पेटीऐवजी पलंगावर होत्या. चहा झाला, वरूडच्या बाजारात यंदा संत्र्याची काय गत आहे ते बोलून झालं. मी निघालो तेव्हा त्यांनीच विषय काढला.

"तुमी जे लिवलं ते सारं दुसऱ्या पुस्तकांत सापडते, सर. हे एक पान कुठंच नाही सापडत. मंग तेच काहून काढून राहिले?"

मी म्हटलं, "ताई, कुठंच सापडत नाही म्हणूनच."

मी चप्पल घालून, पाठ फिरवून निघून आलो...

मागच्या आठवड्यात रेवतीने बोलावलं. ताईंच्या खोलीत सगळं तसंच आहे. पेटी जागेवर, काठी पेटीवर आडवी. रेवती पेटीवर बसत नाही, शेजारी शहाबादीवर बसून ठेका धरते. तिने माझ्या हातात मोबाइल दिला. चित्रपट सापडला होता. प्रदर्शित होताना त्याचं नाव बदललं होतं, आणि ताईंना फक्त चित्रीकरणाच्या वेळचं नाव माहीत होतं. रेवतीने त्या दृश्यातल्या गाण्याचे शब्द घालून शोधलं. ते गाणं ताई स्वयंपाक करताना गुणगुणत, वर्गातल्या सगळ्या मुलींना पाठ होतं. मी त्यांना चित्रपटाचं नाव विचारलं, साल विचारलं. गाणं कोणतं, हे कधी विचारलंच नाही.

दृश्य कापलेलं नव्हतं. बारा मुली सलामी करतात, अकरा वळतात आणि त्यांच्या वेण्या दिसतात. एकच चेहरा पडद्यावर उरतो. बारीक चणीची, मोठ्या कपाळाची एक मुलगी नजर खाली ठेवून उलटी चालत जाते. मी पावलं मोजली. नवव्या पावलावर चित्र बदलतं आणि राजाचा चेहरा येतो. मी ते चार-पाच वेळा पाहिलं. शेवटी मोबाइल खाली ठेवला, कारण पुढचं दिसेना. गिरणीत जे आलं नव्हतं ते आता आलं, आणि मला माझाच राग आला. ही चित्रफीत दरबाराबद्दल काहीच सिद्ध करत नाही, हे मला कळतं. एका मुलीला कुणीतरी हे अगदी हाडापर्यंत शिकवलं होतं, एवढंच तिच्यातून दिसतं. त्या मुलीने त्यापायी मुंबई गमावली, आणि मी तिच्याकडे दुसरा साक्षीदार मागत बसलो होतो. दोन दुपारींऐवजी चार दुपारी शोधलं असतं, तर हे तिला दाखवता आलं असतं.

ते पान दुसऱ्या प्रकरणात, ताईंनी लिहिलं तसंच छापायला दिलं आहे. लाल काट मात्र हस्तलिखितावर तशीच आहे, ती पुसता येत नाही.

त्या दिवशी निघताना मी पेटीसमोर उभा राहिलो. सलामी मला येत नाही, म्हणून नुसते हात जोडले. मग तसाच मागे सरकू लागलो. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी हे फार शहाणपणाचं नव्हतं. आठव्याच पावलाला टाच उंबऱ्यावर आपटली आणि मी चौकट धरून कसाबसा उभा राहिलो.

रेवती खालून काठीकडे बघत म्हणाली, "पावलं लहान घ्या, सर. ताई असत्या तर पुन्हा करायला लावलं असतं."

मी पुन्हा पेटीपाशी गेलो आणि पहिल्यापासून मोजायला लागलो.