लायब्ररीमागची सभा

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलं ते म्हणजे थर्मासमधला चहा प्यालो. इंग्लंडात मिल्टन कीन्सला लायब्ररीच्या मागं गवताचं एक छोटं टेकाड आहे, तिथं बसून. त्याच संध्याकाळी घरी माझी बायको शालिनी खुर्चीत बसली ती उठलीच नाही. अँब्युलन्सवाले आले, छाती दाबत राहिले, मग थांबले... चार आठवडे होत आले. पेपरच्या पुरवणीतल्या लोकांनी तिच्याबद्दल लिहा म्हटलं. मी सातवी नापास, इथं जन्मभर बस चालवली. ती नर्स. वाचणारी ती होती, आणि लिहायचं माझ्यावर आलं.

टेकाड तिनंच शोधलं. रिटायर झाल्यावर इतिहासाच्या क्लासला जायची. एकदा येऊन म्हणाली, "अहो, हजार वर्षांपूर्वी तिथं कोर्ट भरायचं. ना छप्पर, ना खुर्ची. आसपासच्या गावांतली माणसं दर चार आठवड्यांनी जमायची."

"आणि पाऊस आला तर?"

"तर भिजायची. तुमच्यासारखी कुरकुरत नसतील."

ज्याच्यावर आळ आला त्यानं शपथेवर आपली बाजू सांगायची आणि ओळखीच्या माणसांनी पुढं येऊन म्हणायचं, याची शपथ स्वच्छ आहे. मला काही ते पटेना. ज्यांनी काही बघितलंच नाही, ते कसली साक्ष देणार? "माणूस बघितलेला असतो ना," ती म्हणायची.

मग आमचीही सभा सुरू झाली. घरातली भांडणं साठवायची आणि चार आठवड्यांनी टेकाडावर मिटवायची. वर असेल त्यानं बोलायचं, खालच्यानं तोंड उघडायचं नाही. हीटिंग किती ठेवायचं, माझी सिगारेट, सुनेशी कसं बोलायचं, सगळं तिथं. बहुतेक वेळा मीच हरायचो.

त्या शेवटच्या दिवशी तेवढंसं चढूनही तिला दम लागला. वरून म्हणाली, "छातीत जड वाटतंय. निखिलला फोन करायचा नाही. शपथ घ्या." निखिल आमचा मुलगा, बेसिंगस्टोकला असतो.

"अगं, डॉक्टरला तरी..."

"खालच्यानं बोलायचं नाही."

चाळीस वर्षं हॉस्पिटलात काढलेली बाई. मी शपथ घेतली. आता वाटतं, नियम गेला खड्ड्यात, बोलायला हवं होतं. मग वाटतं, तिचा शब्द कधी मोडला नव्हता, तेव्हाच कसा मोडणार? दोन्ही खरं वाटतं... डोकं चालत नाही.

त्या रात्री निखिल पोचला आणि पहिलं विचारलं, "बाबा, आई आधी काय बोलली का?" मी म्हणालो, "नाही." का म्हणालो, मलाच कळत नाही. शपथ पाळली म्हणावं, तर घ्यायला लावणारीच गेली. घाबरलो होतो, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं थर्मास भरला. निखिलला म्हटलं, गाडी काढ. टेकाडाखाली त्याला उभं केलं, वर चढलो आणि सगळं सांगितलं. छातीचं, शपथेचं, आणि काल तुझ्याशी खोटं बोललो, तेही. आमच्या सभेचे नियम आईनं त्याला फोनवर हसत हसत सांगितले होते. तो गवताकडं बघत राहिला, मध्ये एक शब्द बोलला नाही.

मी उतरलो. म्हटलं, "आता तू जा वर."

तो गेला नाही. म्हणाला, "नेक्स्ट टाइम, बाबा. चार वीक्स असतात ना?"

"असतात."

मग मी चहा ओतला. कप दोनच होते. तिचा त्याच्यापुढं धरला... त्यानं घेतला.